दारातली जोड्यांची मांडणी

मित्रांनो, मी जोडे ठेवायची एक जुनी लाकडी मांडणी आहे. फिनलंडमधल्या एका वस्तीच्या सभागृहात, बाहेरच्या दाराला लागून, माझा जन्म गेला. इथल्या रहिवाशांनी श्रमदानाने सभागृह बांधलं, तेव्हा सेप्पो सुताराने उरलेल्या फळ्यांतून मला घडवलं आणि वर पाटी ठोकली: 'जोडे काढून आत यावे.' आमच्याकडे घरात जोडे घालून कोणी शिरत नाही. माणसं माझं कौतुक करत, मला पुसत. मीही तोऱ्यात असे. चिखलाचा मला भारी तिटकारा!

एका हिवाळ्यात प्रांताच्या कचेरीतून दोन अधिकारी आले. बेघरांना कुठे ठेवायचं, हे वस्तीला विचारून त्याच संध्याकाळी ठरणार होतं. बंदरावरच्या जुन्या बराकीत सगळ्यांना एकत्र ठेवायचा बेत होता. बोलावणं सर्वांना होतं. माझे सगळे खण भरले. आतून कॉफीचा आणि वेलचीच्या पावांचा वास येऊ लागला.

तेवढ्यात टाउनो आला. त्याला घर नव्हतं. त्याने पाटी वाचली, आपल्या बुटांकडे पाहिलं आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला. आत त्याच्याचविषयी बोलणं चाललं होतं आणि तो दाराआडून ऐकत होता. मला वाटलं, बरं झालं, फरशी वाचली.

कोटातला चष्मा न्यायला म्हातारी इर्या बाहेर आली.

"अरे, इथं काय ताटकळलायस? आत कॉफी गार होतेय."

"बूट काढायचेत ना?"

"मग काढ की! मुहूर्त बघतोयस का?"

टाउनोने मान खाली घातली. "बुटांत मोजे नाहीत, बाई. पायांची दशा बघवणार नाही तुम्हाला. जातो मी."

इर्याने माझ्या खणातून आपले बूट ओढले, कण्हत कण्हत पायांत चढवले आणि त्याचा दंड धरला. "चल. मला कोण हुसकतंय बघू."

"इर्या, फरशी!" सेप्पो ओरडला.

"फरशी मी पुसते. तू गप बस नि त्याला खुर्ची दे."

दार उघडंच राहिलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मला बराकीत नको," टाउनो म्हणाला. "तिथं मी राहिलोय. आठवडा आठवडा कोणी नावानं हाक मारत नाही. चार घरांत एक खोली द्या. जिन्यात कोणी भेटलं, तर निदान 'आज थंडी आहे' म्हणेल."

मग सेप्पो खाकरला. "आमच्या जिन्यात एक खोली रिकामी आहे," तो म्हणाला.

बराकीचा बेत त्याच बैठकीत बारगळला. बेघरांना वस्त्यांमध्येच खोल्या द्यायच्या, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सेप्पोने पाटी उतरवली. आता सभेला सगळे जोड्यांनिशीच आत जातात. मला मागच्या अडगळीत ढकललंय. इथं दार उघडत नाही, पावलं वाजत नाहीत. एकटेपण कसं खातं, ते आता मला कळतंय. टाउनोने ते किती वर्षं सोसलं असेल!

मित्रांनो, मला कोणी पुसत नाही याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण चार माणसं जमवून कोणाविषयी काही ठरवणार असाल, तर आधी दाराबाहेर डोकावून या. तो तिथंच उभा असेल, तर हाताला धरून आत घ्या. त्यापायी माझ्यासारखी एखादी मांडणी अडगळीत गेली, तर खुशाल जाऊ द्या.