‘ळ’ सर्वांत शेवटी

मित्रांनो, मी संगणकात राहणारी एक म्हातारी बिल्ड स्क्रिप्ट आहे. प्रोग्राम लिहिणारी माणसे तो तुकड्यातुकड्यांनी लिहितात. ते तुकडे योग्य क्रमाने जुळवून त्यांतून चालता-बोलता प्रोग्राम उभा करायचा, हे माझे काम. आमचा प्रोग्राम तर खरोखरच बोलता होता. पडद्यावरचा मजकूर तो दृष्टिहीनांना मराठीत वाचून दाखवी.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. जिला पुढे सगळे कचेरीत ‘ताई’ म्हणू लागले, तिच्या वडिलांची दृष्टी गेली आणि घरातले वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहू लागले. तिने कुठून तरी एक तयार ध्वनिसंच, म्हणजे अक्षरांच्या आवाजांचा संग्रह, आणला. पण तो परक्या भाषेसाठी घडवलेला होता. ‘ळ’ समोर आला की तो ‘ल’ म्हणून वेळ मारून नेई. तेव्हा ताईने दार लावून, पंखा बंद करून, स्वतःच्या आवाजात ‘ळ’ ध्वनिमुद्रित केला आणि माझ्यात एक ओळ लिहिली: उसने आवाज आधी, घरचे सर्वांत शेवटी. एका अक्षराचे दोन आवाज आले, तर आमच्यात शेवटी बोलणाऱ्याचे खरे धरतात. पुष्कळ घरांतही असेच चालते म्हणे.

पहिल्यांदा ‘आभाळ’ हा शब्द नीट उमटला, तेव्हा बाबांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “पुन्हा म्हणायला सांग.”

टेबलाची खोली झाली, खोलीची कचेरी झाली. माणसे आली, गेली. जाताना प्रत्येकाने माझ्यात एखादी ओळ मागे ठेवली. “म्हातारी दगा देत नाही,” असे ती कौतुकाने म्हणत. पुढे माझा वेग मंदावला. मी कामाला बसले की सारे चहाला उठत. माझ्या संथपणाच्या आडोशाला किती गप्पा रंगल्या, किती भांडणे मिटली. एक लग्नसुद्धा जमले. जुळवाजुळव हाच माझा धंदा होता ना! ते दिवस आठवले की आजही मी मनातल्या मनात हळू चालते.

मग वादळ आला. हे त्याचे खरे नाव नव्हे. कामाच्या झपाट्यामुळे पडलेले. माझे तासाभराचे काम चहा निवण्याआधी उरकणारी नवी बिल्ड यंत्रणा त्याने आणली.

“ताई, हिला हात लावायची भीती वाटते हो. एक ओळ हलवली की बाईसाहेब रुसल्याच!”

“रुसते खरी,” ताई हसली. “पण नवी यंत्रणा बाबा ऐकून हो म्हणेपर्यंत हिला काढायचं नाही. त्यांचं सगळं वाचन या आवाजावर आहे.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“तर तुझी यंत्रणा नाही.”

नवी जुळणी झाली. एकही चूक दिसली नाही. पडद्यावर सारे हिरवेगार. दुसऱ्या सकाळी ताईचा फोन वाजला. तिने बाबांचा आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

“काय गं, तुझ्या त्या वाचणाऱ्या बाईचे दात पडले काय?”

“का हो बाबा?”

“माणसांचे ‘डोले’ दुखतायत म्हणते. बातमी काय, तर ‘काल मोठा कठीण आहे’. अगं, काल कठीण होता की काळ? आणि तो तुझा ‘वादल’ कुठाय?”

“काका, वादळ!”

“मी नाही रे म्हणत, ती म्हणते!”

सगळे हसले. बाबाही हसले; मग हळूच म्हणाले, “पण बाळांनो, असं मला ऐकवत नाही.”

वादळचा चेहरा उतरला. त्याने सारे तुकडे तपासले. एकही हरवला नव्हता. ताईचा ‘ळ’ही जागेवर होता. तरी तो ऐकू का येत नव्हता? शेवटी त्याने मला उघडले आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला. मधेच थांबून त्याने विचारले, “ताई, ‘घरचे सर्वांत शेवटी’ ही ओळ अशी का आहे?”

ताई पुढे वाकली. “नव्या यंत्रणेने क्रम आपल्या मनाने लावला असणार. उसना ‘ल’ शेवटी आला आणि माझ्या ‘ळ’वर बसला. कारण लिहून ठेवायला हवं होतं रे. मला वाटलं, लक्षात राहील.”

वादळने ती ओळ नव्या यंत्रणेत घातली आणि शेजारी साध्या मराठीत कारणही लिहिले. दुपारी बाबांनी संपूर्ण अग्रलेख ऐकला. “आता जमलं,” ते म्हणाले. “काढा म्हातारीला. दमली असेल बिचारी.”

वादळने मला लगेच काढले नाही. उरलेल्या एकेका ओळीवर बोट ठेवून तो विचारत गेला, “आणि ही?” ताई सांगत गेली. कुणाची कोणती ओळ, कशासाठी. सांगताना ती मधेच हसे. मला आजवर पुष्कळांनी चालवले होते. मला कुणी वाचले, ते त्या दुपारीच.

आता मी जुन्या आवृत्त्यांच्या अडगळीत असते आणि माझी तक्रार नाही. मित्रांनो, नवे जरूर आणा. मात्र जुने काढताना ‘हे असे का?’ हा प्रश्न गिळू नका. ज्याला उत्तर ठाऊक आहे, तो माणूस शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतानाच विचारा.