मानेवरचं लेबल

वृद्धाश्रमाचा धुलाईखाना तळघरात होता. त्याच्या टोकाला, वाफेचे पाइप जिथे भिंतीत शिरत तिथे, एक टेबल आणि एक गरम प्रेस. त्या टेबलाशी बसणाऱ्या बाईला सगळे लेबलवाली म्हणत. काम दिसायला सोपं. छापील नावांच्या गुंडाळीतून एक नाव कापायचं, कॉलरच्या आतल्या बाजूला ठेवायचं, प्रेसचं झाकण खाली ओढायचं आणि लगेच उचलायचं. ते नाव मग उकळत्या पाण्यालाही दाद देत नसे. पण पुन्हा ऊब दिली आणि कोपऱ्यापासून सावकाश ओढलं, की मागे खूणही न ठेवता सुटून येई. तसंच हवं होतं. इथे माणूस जातं, कपडा राहतो. जुनं नाव काढायचं, नवं लावायचं, स्वेटर पुढच्या म्हातारीच्या अंगात. फक्त झाकण जास्त वेळ दाबून धरायचं नाही, एवढा एकच नियम. धरलं की डिंक सुतात उतरतो आणि मग नाव कपड्याचंच होऊन बसतं.

लेबलवाली अक्षरं शिकली ती याच टेबलावर, केस पांढरे व्हायला लागल्यावर. नावं वाचता वाचता तिला वाचता यायला लागलं. घरी तिने हे नणंदेला सांगितलं तेव्हा नणंद म्हणाली होती, "बरं झालं. आता विजेचं बिल वाचून घाबरायला तू आहेस."

नणंद म्हणजे तिच्या नवऱ्याची मोठी बहीण. लेबलवाली तिला वन्सं म्हणायची. वन्सं शिंप्याच्या दुकानात आयुष्यभर टाके उसवण्याचं काम करत होत्या. शिंपी आधी कच्चा टाका घालतो, माप बघतो, पक्की शिवण मारतो आणि मग कच्चा दोरा ओढून काढायचा असतो. त्यात वन्संचा हात धरणारं कोणी नव्हतं. तोंडाचा पट्टाही तसाच चालायचा. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिल्या, भावजयीला नांदवलं आणि रडवलंही. भाऊ गेला तेव्हा एका खोलीत या दोघीच उरल्या. सासू परवडली, असं लेबलवाली शेजारणीला म्हणायची, पण वन्संना ताप आला की उशाशी तीच बसायची.

मग वन्सं विसरायला लागल्या. एकदा गॅस चालू ठेवून बाहेर पडल्या. एकदा जिन्यात पडल्या आणि लेबलवाली कामावरून येईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. "पडले नाही. बसले," म्हणाल्या. गुडघा मात्र टरारून सुजला होता. लेबलवालीने मोठ्या बाईंचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. मोठ्या बाई म्हणजे आश्रमाच्या मुख्य. त्यांनी वरच्या मजल्यावर एक पलंग दिला, पण अट घातली. "थंडी सरेपर्यंत बघू. रुळल्या तर कायम. नाही रुळल्या तर तुम्ही घरी न्यायचं."

वन्संना लेबलवालीने सांगितलं, "गुडघा बरा होईपर्यंत." एवढं एक खोटं बोलली.

पहिल्याच आठवड्यात वन्संचे कपडे लेबलाविना खाली आले. तिने पुन्हा लावले. पुन्हा आले तसेच. बॉयलर सांभाळणारा माणूस, त्याला सगळे वाफ्या म्हणायचे, हसून म्हणाला, "तुझ्या नणंदेला नावं ठेवलेली आवडत नाहीत वाटतं."

लेबलवाली वर जाऊन बघते तो वन्सं पलंगावर बसलेल्या, चहाचा गरम पेला कॉलरीला टेकवून. थोडा वेळ धरला, मग अंगठ्याचं नख कोपऱ्यात घातलं आणि लेबल सोललं. इतकं अलगद, की धुलाईखान्यात कुणाला जमलं नसतं.

"वन्सं, हे काय चालवलंय?"

"आधी सांग, माझ्या मानेवर काय लिहिलंय?"

"तुमचं नाव."

"तू म्हणतेस."

"मला वाचता येतं आता."

"हो, मोठी शाळा काढलीस तळघरात. उद्या 'चोर' लिहून चिकटवशील, मला काय कळणार? आणि नाव मला पाठ आहे. ज्याला पाठ नाही त्याच्या मानेवर लाव. ती समोरची बघ, तिला आपला मुलगा आठवत नाही. तिच्या दोन्ही गालांवर लाव."

समोरची म्हातारी आपल्याशीच हसली.

"कपडे हरवतात अशाने."

"हरवू देत. घरी जाईन तेव्हा अंगावरचे पुरेत. गुडघा बरा आहे माझा. बघ." वन्संनी पाय पलंगावरून सोडून हलवून दाखवला. "कधी नेतेस?"

"बघू," लेबलवाली म्हणाली.

वन्संचे बिनलेबलाचे कपडे सामायिक फळीवर जायचे आणि कुणाच्याही अंगावर दिसायचे. वन्संच्या अंगावर दुसऱ्यांचे. एका म्हातारीच्या लेकीने आपल्या आईची शाल वन्संच्या खांद्यावर पाहिली आणि दारात उभं राहून चोरीची भाषा केली. वन्संनी तिला जे सुनावलं ते तळघरापर्यंत ऐकू आलं. मोठ्या बाईंनी लेबलवालीला बोलावून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं. "आणखी एकदा असं झालं तर तुम्ही त्यांना घेऊन जा. माझाही नाइलाज आहे."

घरी पोचल्यावर तिने तो जिना वर बघितला, खाली बघितला. दिवसभर खोलीला कुलूप लावून माणसाला आत ठेवायचं का उघडी ठेवून जिन्यात पडू द्यायचं? काम सोडायचं तर खायचं काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वन्सं घरी आल्या तर कधीतरी एक दिवस आपण कुलूप उघडू आणि आत काय असेल, या विचाराने तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वन्संचे सगळे कपडे टेबलावर घेऊन ती बसली. झगे, परकर, दोन स्वेटर, भावाचा एक लोकरीचा सदरा, जो वन्सं थंडीत आतून घालायच्या. नाव ठेवलं, झाकण खाली ओढलं आणि धरून ठेवलं. कापड करपल्याचा वास आला तरी धरून ठेवलं.

वाफ्या जवळ आला. एक कॉलर उचलून त्याने नखाने खरवडून पाहिली. "हे आता निघायचं नाही."

"माहीत आहे."

"उद्या त्या गेल्या तर कपडे कुणाच्या कामाचे नाहीत. फाडून पुसणी करावी लागतील."

"होऊ देत पुसणी."

"मोठ्या बाईंना कळलं तर?"

"तू सांगणार आहेस?"

"मला काय, मी वाफ सोडतो," वाफ्या म्हणाला आणि आपल्या नळांकडे गेला.

नंतरचे दिवस वर काय चाललंय ते तिला परिचारिकेकडून कळायचं. वन्सं चहा पीत नाहीत. पेला कॉलरीला लावून बसतात, निवला की दुसरा मागतात. अंगठ्याचं नख अर्धं तुटलं, पट्टी बांधली, तर दुसऱ्या हाताने सुरू. लेबलवाली वर गेली नाही. काम फार आहे, असं तिने सांगून पाठवलं.

मग एके दिवशी परिचारिका म्हणाली, "आज चहा प्यायल्या."

आता जाणं भाग होतं. वन्सं खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. मांडीवर भावाचा सदरा, कॉलर उलटी केलेली. नावाच्या भोवती कापड पिवळं पडलं होतं.

"हे तू केलंस?"

लेबलवालीने पदराशी चाळा केला. "हो."

"मला वाटलंच. यंत्र असं करत नाही. यंत्राला काय पडलीय." वन्संनी अंगठा नावावरून फिरवला. "आधीचा कच्चा टाका होता. मी म्हटलं, माप बघायला घातलाय, काढायचाच आहे. म्हणून काढत होते, तुला त्रास नको."

"वन्सं, घरी तुम्ही एकट्या..."

"मी विचारलं का?"

समोरची म्हातारी पलंगाच्या कडेवर बोटं वाजवत होती. वन्सं तिला म्हणाल्या, "अगं, थांब गं जरा," आणि तिची बोटं थांबली.

"वाच," वन्सं म्हणाल्या.

लेबलवालीने सदरा हातात घेतला आणि एकेक अक्षरावर बोट ठेवून नाव वाचलं. आधी वन्संचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. आडनाव तिचंही तेच होतं.

वन्सं ऐकत राहिल्या. मग सदरा परत घेऊन त्यांनी घडी घातली. उशाखालून झगे काढले, स्वेटर काढले. आजवर त्यांनी धुवायचे कपडे कधी कुणाच्या हाती दिले नव्हते. त्या आंघोळीला गेल्या की परिचारिका ते उचलून आणायची. आता वन्संनी सगळे एकावर एक रचले, इथल्या इतर बायका देतात तसे, आणि तो ढीग तिच्या हातांवर ठेवला.

"माझेच परत येतील ना?"

"येतील."

"मग झालं. जा तू. तुझं काम पडलं असेल."

दारात मोठ्या बाई भेटल्या. ढीग बघून त्यांना बरं वाटलं. "रुळल्या म्हणायच्या. पलंग आता त्यांचाच. तुम्हालाही मोकळं वाटत असेल."

"हो," लेबलवाली म्हणाली, आणि ढिगावर हनुवटी टेकवून एकेक पायरी चाचपत तळघरात उतरली.