पडेगावच्या माळावरचं यंत्र

माझं नाव सांगून तुम्हाला काही बोध होणार नाही, म्हणून आधी काम सांगतो. आपली पृथ्वी हा एक भलामोठा लोहचुंबक आहे, आणि त्या चुंबकाचं बळ क्षणाक्षणाला थोडंथोडं कमीजास्त होत असतं. ते मी मोजतो. तुम्ही जेवता तेव्हा मोजतो, झोपता तेव्हाही मोजतो. मला सुट्टी नाही. शिकलेली माणसं मला चुंबकमापी म्हणतात. ज्यांच्या माळावर मी राहिलो, ते त्रिंबकबाबा मात्र ‘बाईचं यंतर’ म्हणायचे. दिसायला मी अगदीच साधा: संगमरवराच्या तुकड्यावर बसवलेल्या, तांब्याची तार गुंडाळलेल्या तीन कांड्या. माझ्या अंगात लोखंडाचा एक खिळासुद्धा नाही.

माझा जन्म युरोपातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. आम्ही सहा भावंडं एकाच टेबलावर तयार झालो आणि तिथूनच आमची ताटातूट झाली. एक पेरूला गेलं, एक व्हिएतनामला, एक इथिओपियाला. माझ्या वाट्याला भारत आला.

असं वाटून टाकण्याचं कारण आहे. सूर्य कधीकधी खवळतो आणि विजेनं भारलेल्या कणांचा प्रचंड लोट अवकाशात फेकतो. तो लोट एक ते तीन दिवसांत पृथ्वीवर आदळला की पृथ्वीचं चुंबकत्व हादरतं. डोळ्यांना काही दिसत नाही. पण विमानांचा संपर्क तुटू शकतो, फोनमधला नकाशा भलतीकडं नेतो, लांबलांबच्या तारांमध्ये नको ती वीज खेळू लागते. हे हादरे एका देशात बसून नीट कळत नाहीत, कारण पृथ्वी गोल आहे आणि वादळाला सरहद्द नाही. म्हणून प्रत्येक देशानं आपापल्या जागेवरून मोजायचं आणि मोजलेलं सगळ्यांना द्यायचं, असं ठरलं. ठरवताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मोजायला आम्ही होतोच.

भारतात आलो आणि बंदरावरच्या गोदामात अडकून पडलो. मी नेमकं काय आहे, हे कुठल्याच साहेबाला ठरवता येईना. शेवटी रत्नमालाबाई आल्या. शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका कॉलेजात त्या पदार्थविज्ञान शिकवायच्या. माहेर लासूर स्टेशनचं, शेतकऱ्याचं घर. साहेबांच्या टेबलासमोर त्या चार दिवस बसून राहिल्या आणि मला सोडवून घेऊन गेल्या.

मला ठेवायचं कुठं, हा पुढचा प्रश्न. कॉलेजच्या गच्चीत सळया, खाली गल्लीत दुचाक्यांची रीघ. जागचं न हलणारं लोखंड मला सोसतं, त्याची सवय करून घेता येते. येणारं-जाणारं लोखंड मात्र सोसत नाही. एक गाडी शेजारून गेली, की माझ्या नोंदीत असा काही उंचवटा उठतो की जणू सूर्यच खोकला.

बाई शोधत शोधत पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्यापासून आत, त्रिंबकबाबांच्या माळावर पोचल्या. बाबा धनगर. माळावर मुरूम, कुसळं आणि त्यांच्या मेंढ्या. बाईंनी सूर्य, वादळ, चुंबक असं सगळं समजावून सांगितलं. बाबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

“म्हंजी खांबावरची डीपी जळती आन् गावची लाईट जाती, तसं?” त्यांनी विचारलं.

“तसंच. पण गावातली एक डीपी नाही बाबा, अख्ख्या देशाची वीज जाऊ शकते. महिना महिना.”

“आन् ह्ये यंतर ते वादळ थांबवतं व्हय?”

“नाही. फक्त किती मोठं आहे ते सांगतं. ते कळलं की वीजवाले आधीच सावध होतात.”

बाबांनी घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली, “वच्छला, बाईला च्या टाक. माळाच्या खालच्या टोकाला खड्डा घ्यायचाय त्यास्नी.”

खड्ड्यात मला उत्तरेकडं तोंड करून बसवलं. कुंपणाला वाऱ्यानं हलणारी लोखंडी तार चालणार नव्हती, म्हणून बाबांनी बाभळीच्या काट्या लावल्या. लांब एका खोपटात सोलरचं पॅनेल आणि इंटरनेटचा डबा. माझं मोजणं तिथून जगभर जाऊ लागलं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मेंढ्या डोक्यावरून चरत जायच्या, त्यांचा मला काहीच त्रास नव्हता. दर महिन्याला रत्नमालाबाई यायच्या, खड्ड्याची झाकणं पाहायच्या आणि तिथंच दगडावर बसून इथिओपियाला फोन लावायच्या. तिकडं बाहिर दार नावाच्या गावी अल्माझबाई माझ्या भावंडाला सांभाळायच्या. दोघींची भेट एकदाच, कुठल्याशा परिषदेत झालेली. पण बोलायला लागल्या की जुन्या मैत्रिणी. बोलणं इंग्रजीत, गाऱ्हाणी मात्र अगदी घरची. “आमच्याकडं आठवडाभर वीज नाही.” “आमच्याकडं प्राचार्य बदलले, नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायचंय.” मग दोघी दमून हसायच्या.

बाईंना दमवणारी कामं पुष्कळ होती. वर्षातून एकदा आपत्ती निवारणाची बैठक असायची. पूर, आग, दुष्काळ यांवर बोलणं झालं की शेवटी, चहा आल्यावर, बाईंना पाच मिनिटं मिळायची. सौरवादळ आलं तर दवाखान्यांनी काय करावं, विमानतळानं कुणाला कळवावं, असं त्या सांगायच्या. समोरची माणसं बिस्किटं खात ऐकायची. कुणीतरी विचारायचं, “मॅडम, आपल्या जिल्ह्यात आलंय का कधी असलं?” परत आल्यावर त्या माझ्याजवळच्या दगडावर नुसत्या बसून राहायच्या.

मग शहर चालत चालत आमच्याकडं आलं. आधी पलीकडं बोअरचं मशीन आलं, मग मुरमाचे टिप्पर, मग गेटवाली एक सोसायटी. मी मोजायचो सूर्याला, आणि नोंदीत यायचे टिप्पर. खरं कुठलं आणि टिप्परचं कुठलं, हे निवडता निवडता रत्नमालाबाईंचे डोळे दुखायचे. मीही शिणलो. सगळ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या युरोपातल्या केंद्रावरून निरोप येऊ लागले: तुमच्या नोंदीत गोंगाट फार आहे, हे ठाणं चालू ठेवावं का, याचा विचार करा.

अशातच तो वैशाख आला. त्रिंबकबाबांच्या नातीचं, श्रेयाचं लग्न ठरलं होतं. श्रेया म्हणजे बाबांच्या मुलाची, अंगदची थोरली लेक. अंगद वाळूजला कंपनीत कामाला. मंडप घरापुढच्या माळावर, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. वऱ्हाड लासूर स्टेशनहून गाड्या भरून यायचं होतं. डीजे ठरला होता, जनरेटर ठरला होता.

हळदीच्या दिवशी दुपारी रत्नमालाबाई धापा टाकत आल्या. सूर्य खवळला होता. तीन देशांच्या वेधशाळांनी एकमेकांशी पडताळून निरोप धाडला होता: मोठा लोट निघालाय, उद्या दिवसा आदळेल. अल्माझबाईंकडचं माझं भावंड मागच्या पावसाळ्यात वीज पडून बंद झालेलं. व्हिएतनामच्या भावंडाच्या खड्ड्यात पाणी शिरलेलं. आमच्या जाळ्यात आफ्रिकेपासून तिकडं पूर्वेच्या समुद्रापर्यंत उद्या जागा असणार होतो तो मी एकटा. आणि माझ्या शेजारी डीजे.

बाईंनी मंडपात उभं राहूनच सांगितलं. “मांडवाचे खांब राहू द्या. पण उद्या दिवसभर इथं काही हलायला नको. गाड्या मोठ्या रस्त्यालाच थांबवा. जनरेटर नाल्यापलीकडं न्या. आणि डीजे… त्या भोंग्यांच्या आत मोठाले चुंबक असतात.”

अंगदचा चेहराच उतरला. “ताई, वऱ्हाड भर उन्हात एवढं चालत आणू? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या.”

“मला कळतंय, अंगद. मागायला जीभ रेटत नव्हती.”

“मंग काऊन मागता?” हे श्रेया बोलली. अंगाला हळद लागलेली, डोळ्यांत पाणी. “माझं लग्न एकदाच हाये. तुमचं वादळ परत येईल की.”

बाईंनी खाली पाहिलं. मला वाटलं, आता त्या निघून जातील. त्रिंबकबाबा बाजेवर पडून होते, त्या वर्षी त्यांना दम लागायचा. ते म्हणाले, “लासूरच्या पाहुण्याला फोन लाव. इचारून तर पाहू.”

मुलाचे वडील बिभीषणराव फोनवर आधी चांगलेच तापले. “म्हणजे आम्ही पायी यायचं? यंत्रासाठी? आमचा मान काय राहिला?” अंगद नुसता “व्हय, व्हय” करत राहिला. तेवढ्यात वच्छलाबाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला.

“इवाई, म्या बोलते. तुमी गाडीतून उतरा, म्या रस्त्याला उभी राहते. तुमच्या म्होरं म्या अनवाणी चालत येते. याच्यापरीस जास्त मान आमच्यापाशी नाय.”

ते ऐकून बिभीषणराव म्हणाले, “अनवाणी कशाला, माय. चप्पल घाला. येतो आम्ही.”

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. गाड्या रस्त्याला थांबल्या. रत्नमालाबाई पदर खोचून तिथं ताकाचे पेले वाटत उभ्या होत्या आणि प्रत्येकाला हात जोडून सांगत होत्या. कुणी हसलं, कुणी कपाळाला आठ्या घातल्या, एका म्हातारीला चौघांनी खुर्चीवर बसवून आणलं. वच्छलाबाई सगळ्यात पुढं चालत होत्या. डीजे नाल्यापलीकडं नेला होता, तिथून त्याचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येत होता. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. लग्नासाठी पलीकडचे टिप्परही त्या दिवशी थांबले होते; माझ्याभोवती इतकी शांतता कित्येक वर्षांत नव्हती.

पंगत बसली होती, तेव्हा वादळ आलं.

कुणी खांद्याला धरून गदागदा हलवावं, तसा पहिला धक्का बसला. मग पृथ्वीचं बळ ओसरत गेलं, खाली, आणखी खाली, पुन्हा वर उसळलं. मी माझ्या आयुष्यात इतकं मोठं काही मोजलं नव्हतं. वर लोक जिलेबी वाढत होते, आग्रह करत होते. कुणाला कळलं नाही. खोपटात बाई एकट्या पडद्यासमोर बसलेल्या, ताट बाजूला तसंच. माझी रेघ स्वच्छ निघत होती आणि निघता क्षणी जगभर पोचत होती.

उत्तरेकडच्या एका देशात वीज सांभाळणारी माणसं वेगवेगळ्या देशांतल्या अशा रेघा पाहत बसली होती. वादळ किती खोल जाणार, हे ओळखून त्यांनी वेळेत भार दुसरीकडं वळवला. तिकडं एकही डीपी जळाली नाही. कुणाच्या दवाखान्यातले दिवे गेले नाहीत. पुढं केंद्रावरून आभाराचं पत्र आलं, त्यात पडेगावचं नाव होतं.

त्या वर्षीच्या बैठकीत चहा आल्यावर बाईंनी हे सगळं सांगितलं. एक साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही दरवर्षी घाबरवता. शेवटी झालं तर काहीच नाही.”

“तेच सांगायला आलेय, साहेब,” बाई म्हणाल्या. “काहीच झालं नाही.”

साहेबांना त्यात सांगण्यासारखं काय होतं, ते कळलं नाही. खरं सांगू, आमच्या जन्माची ही सगळ्यात मोठी दमणूक आहे. आमचं काम नीट झालं, की दाखवायला काही उरत नाही. श्रेया माहेरी आली की अजून म्हणते, “माझ्या लग्नात डीजे धड वाजलाच नाही.” तिचंही खरं आहे. तिनं जे दिलं, ते कुठल्याच पत्रात लिहिलेलं नव्हतं.

गेल्या थंडीत त्रिंबकबाबा गेले. अंगदनं माळाचे प्लॉट पाडले. त्याला तरी काय बोलणार, त्यानं शक्य तेवढी वर्षं थांबवून धरलं होतं. आता माझ्या खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहतात. रत्नमालाबाई यंदा निवृत्त होतील. त्यांच्या जागी नवीन माणूस नेमलेला नाही. केंद्रानं कळवलं, हे ठाणं बंद करावं.

मला वाटलं, सुटलो. कुठल्यातरी कॉलेजच्या काचेच्या कपाटात पडून राहीन. पण अल्माझबाईंचा फोन आला. “तुमच्याकडं गोंगाट झालाय, माझ्याकडं खड्डा रिकामा आहे. तुझा म्हातारा मला दे.” दोन देशांच्या सह्या व्हायला वेळ लागला, पण झाल्या.

काल मला खड्ड्यातून काढलं. तार सोडवली, तेव्हा पहिल्यांदाच माझं मोजणं थांबलं. इतकी वर्षं जिची वाट पाहिली, ती विश्रांती ही. बाई थर्माकोल शोधत होत्या. वच्छलाबाई घरात गेल्या आणि त्रिंबकबाबांचं घोंगडं घेऊन आल्या.

“अहो, हे कशाला? ठेवा ना तुमच्याजवळ,” बाई म्हणाल्या.

“त्येला लोखंड नाय लागलेलं,” वच्छलाबाई म्हणाल्या आणि मला त्यात गुंडाळू लागल्या. मग थांबून विचारलं, “तिकडं मेंढरं हायेत का?”

“आहेत म्हणे. पुष्कळ.”

“मंग करमंल त्याला.”

आता मी खोक्यात आहे. निघताना तुमच्याकडं एकच मागणं आहे. आकाशातून काहीतरी येतंय, जरा थांबा, जरा आवाज कमी करा, असं सांगत कुणी दमलेली बाई तुमच्या दारात आली, तर तिला निदान बसायला सांगा. दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही, तर तिच्यावर रागावू नका.

घोंगड्याच्या आत ऊब आहे. अजून थोडा वेळ कुणी मला उत्तरेकडं तोंड करायला लावू नये.