मधाच्या बोटाला साबण

डासांच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे 'मधाचं बोट' म्हणत. कुठलंही नवं औषध तपासण्याआधी डास भुकेले आहेत की नाहीत, हे त्याच्या हातावरून ठरे. उघडा हात जाळीच्या पिंजऱ्यात मिनिटभर धरायचा. वीस माद्या बसल्या की पिंजरा पास. नऊ वर्षांत एकही नापास झाला नव्हता. गोड रक्त आपल्याला आईकडून आलंय, असं तो वतन मिळाल्याच्या थाटात सांगे.

त्या सोमवारी चारच बसल्या. दुसऱ्या पिंजऱ्यात तीन. मग भांडारवाल्याने गंमत म्हणून आपला हात घातला, तर सव्वीस. तो दिवसभर बाही वर करूनच हिंडला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मधाच्या बोटाच्या हातावरून ओला बोळा फिरवून तपासायला पाठवला आणि विचारलं, साबण बदललात का? बदलला होता. घामोळ्यांवर म्हणून बायकोने औषधी साबण आणला होता, आणि पंधरा दिवस रोज दोनदा ती न्हाणीच्या दाराशी उभी राहून त्याला अंग घासायला लावत होती. बाई म्हणाल्या, रक्ताचा यात संबंध नाही. डास वासावर येतो. घामाला मूळचा वास जवळजवळ नसतोच, कातडीवरचे जंतू घाम खाऊन तो तयार करतात.

"तुमच्या हातावर एकाच जातीची गर्दी असणार. साबणाने ती उठवली."

नऊ वर्षांचं मोठेपण जंतूंचं निघालं, हे एक दुःख. दुसरं असं, की बाईंनी दिलेल्या पंधरा दिवसांच्या मुदतीत हात पूर्ववत झाला नाही तर मापाचा हात भांडारवाल्याचा.

पण बायकोला "मला जंतू वाढवायचेत" असं सांगायला छाती लागते. संध्याकाळी दोघं पायरीवर बसली, तेव्हा तो शब्द जुळवत होता आणि ती पोटऱ्या खाजवत होती. लग्नापासून तिला डास कधी चावले नव्हते. आपलं रक्त कडू, असं तीही अभिमानाने सांगे.

"आठवडाभर मलाच फोडून काढतायत मेले. तुम्हाला बरे सोडतात?"

मग त्याने सगळं सांगितलं. ती खाजवायची थांबली.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या आडोशाला होते?"

"तसंच म्हण."

ती उठली, आतून साबण घेऊन आली आणि त्याच्या हातावर ठेवला.

"हा त्या भांडारवाल्याला द्या. भेट म्हणून."

पंधराव्या दिवशी त्याच्या हातावर एकवीस बसल्या, त्यामुळे भेट द्यावी लागली नाही. साबण मात्र अजून त्याच्या टेबलाच्या खणात आहे. वेळ काही सांगून येत नाही.