उशिरा वाजलेला भोंगा

मी एका जुन्या मोटारीचा भोंगा बोलतोय. कान झाकू नका, आता माझ्यात तेवढा दम उरलेला नाही. पण एके काळी गोंदियाच्या बाजारात मी ओरडलो की म्हशीसुद्धा बाजूला व्हायच्या. माणसंही शिव्या देत का होईना, वाट द्यायची.

जन्म माझा विलायतेतला. देश स्वतंत्र झाला त्या साली एक गोरा साहेब मोटार विकून मायदेशी गेला आणि गाडीसकट मी राइस मिलवाल्या ईश्वरदास शेठकडे आलो. गाडी शेठची, पण मी होतो त्यांच्या ड्रायव्हरचा, बिसरामचा. तो मला रोज पुसायचा, रोज रागवायचा. दसऱ्याला तर माझा थाटच! हार, कुंकू, आणि नारळ फोडला की त्यातलं पाणी तो थेट माझ्या कर्ण्यात ओतायचा. "गाडीचं तोंड हेच होय," म्हणायचा, "देवाचं पाणी पयले याले." इतक्या मायेनं कुणी पाजलं तर नको कसं म्हणणार? आणि म्हणणार कोणत्या तोंडानं?

पाणी पोटात मुरत गेलं. काही वर्षांनी मी मधूनच मुका व्हायला लागलो आणि मारझोड सुरू झाली. मी वाजलो नाही की शेठ मागच्या सीटवरून बिसरामच्या खांद्यावर काठी हाणायचे. बिसराम खाली उतरून मला पान्यानं ठोकायचा. ठोकल्यावर मी किंचाळायचो, रस्त्यावरचे बैल बिथरायचे आणि त्यांचे मालक त्यांना बडवायचे. माणसांना एवढा एकच उपाय ठाऊक असतो की काय, कोण जाणे.

शेवटी मला मुन्नालाल मिस्त्रीकडे नेलं. त्यानं आधी स्टिअरिंगवरचं बटन तपासलं, मग वायर, मग बॅटरीवरून थेट तार आणून मला चिकटवली. मी गप्पच. तेव्हा त्यानं माझं पोट उघडलं.

"अरे, इसमें पानी किसने डाला? अंदर सब जंग खा गया. दूसरा लगाओ."

"दसऱ्याले पूजतो मी याले," बिसराम उखडला. "पूजेचं तोंड काढून फेकू काय?"

मुन्नालालनं कपाळावर हात मारला. गंज घासून मला पुन्हा बसवलं आणि बजावलं, "भरोसा मत रखना." शेठनं विचारलं तेव्हा मात्र बिसराम म्हणाला, "ठीक झाला जी."

धान कापणीचे दिवस होते. शेठला घेऊन आम्ही आमगावच्या रस्त्यानं भरधाव निघालो होतो. बांधाआडून बकाराम नावाच्या शेतकऱ्याची, भाऱ्यांनी लादलेली बैलगाडी अचानक रस्त्यावर चढली. बकारामचं लक्ष बैलांकडे होतं. बिसरामनं बटन दाबलं. मी गप्प. त्यानं मुठीनं हाणलं. तरी गप्प. ब्रेक लागेपर्यंत गाडी बैलावर आदळली होती. जू मोडलं, बैलाची मान मुरगळली, माझ्यावर गरम रक्त उडालं. बैल तिथंच मेला.

शेतातली माणसं विळे, काठ्या, कुऱ्हाडी घेऊन धावली. बकारामनं बिसरामला मानगूट धरून बाहेर खेचलं. "भोंगा काऊन नाही वाजवला बे?"

"दाबला जी! वाजलाच नाही! इमानानं सांगतो, तुम्हीच दाबून पाहा!"

बकारामनं आत हात घालून बटन दाबलं.

आणि मी वाजलो. धडकेच्या हादऱ्यानं आतली गंजलेली जोड पुन्हा टेकली होती, त्याला मी काय करू? धानाच्या पार शेवटच्या शेतापर्यंत, शेवटच्या बांधीपर्यंत ऐकू गेलो. आणखी पुरावा कुणाला हवा होता? शेठ मागे काच चढवून बसले, त्यांनी हूं की चूं केलं नाही. काठ्या बरसल्या. "याच हातानं नाही दाबला ना?" म्हणत बकारामनं कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं बिसरामचा उजवा पंजा बोनेटवर ठेचला. हाडं मोडल्याचा तो बारीक आवाज अजून माझ्या पोटात आहे.

शेठनं नवा ड्रायव्हर ठेवला, नवा भोंगा बसवला. मी मुन्नालालच्या भंगारात पडलो. एक दिवस बकाराम शेजारच्या लोहाराकडे आला होता. मुन्नालाल मला बॅटरीवर लावून बघत होता. मी वाजलो, मग नाही वाजलो, मग पुन्हा वाजलो. त्या दिवशीचा आवाज ओळखून बकाराम बघतच राहिला.

"हा असाच हाय का जी?"

"बहुत दिन से. अपनी मर्जी का मालिक है."

मला काखेत मारून बकाराम तडक बिसरामच्या घरी गेला. अंगणात मला ठेवून म्हणाला, "तू खरं सांगून राहिला होता."

बिसरामची बायको धुरपता पुढं आली. "हात गेल्यावर सांगाले आला काय रे?" तिनं मला उचललं आणि बकारामच्या कपाळावर फेकून मारलं. रक्ताची धार लागली. बकारामनं हात वर केला नाही, कपाळही पुसलं नाही.

तेव्हापासून मी इथंच, कुडाच्या कडेला. कर्णा चेपलाय, आत मुंग्यांनी घर केलंय. दर पावसाळ्यात बकाराम आपले बैल घेऊन येतो, बिसरामची बांधी रोवणीसाठी चिखलून देतो आणि निघून जातो. धुरपता त्याला अडवत नाही. पाणीही विचारत नाही.

मला आता कुणी वाजवू नये. फक्त एक सांगून गप्प होतो. त्या दिवशी हात उगारण्याआधी बकारामनं ते बटन आणखी एकदा दाबायला हवं होतं. दुसऱ्यांदा मी वाजलो नसतो.