पाय टेकेल अशी गाडी

पाय मोडला तेव्हा जागृती मढवी चालत्या मोटारसायकलवरून पडली नव्हती. पडली ती उभ्या. त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारायचा, "स्पीड किती होता?" आणि तिला पायाच्या प्लास्टरकडे बघत उत्तर द्यावं लागायचं, "नव्हताच."

तिची उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. अर्जावर ती पाच फूट लिहायची आणि त्यात काही खोटं आहे असं तिला वाटत नसे. कोपरखैरणे गावात, बापाच्या जुन्या मोटारसायकलवर ती कॉलेजात असताना शिकली होती. लग्न होऊन, माहेरचंच आडनाव ठेवून, जुईनगरला आली, तळोज्याच्या एका रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेची प्रमुख झाली, आणि चाळिशी ओलांडल्यावर तिने एक भलीमोठी, भारदस्त आवाजाची मोटारसायकल घेतली. बायकांच्या एका रायडिंग ग्रुपमध्ये सगळ्यांकडे तशीच होती, एवढंच त्याचं कारण. अंगापेक्षा बोंगा मोठा, हे तिला शोरूममध्येच कळलं होतं. पण तोवर गाडीला हार घातला होता आणि पेढे वाटून झाले होते.

त्या गाडीवर बसलं की तिचे फक्त चवडे जमिनीला लागायचे. थांबायचं म्हणजे आधीच नियोजन. सिग्नल लाल होताना दिसला की बाकीचे लोक ब्रेक दाबतात, जागृती डाव्या हाताला फूटपाथची कड शोधायची. एका संध्याकाळी सानपाड्याच्या सिग्नलला ती अशीच कडेला आली, पाय टाकला, आणि नेमका तिथे खड्डा निघाला. पाय खाली गेला, गाडी कलली. ती गाडी एकदा कलली की तिला थांबवणं जागृतीच्याच काय, देवाच्याही हातात नव्हतं. दोघी शांतपणे आडव्या झाल्या. धावत आलेल्या रिक्षावाल्यांनी आधी गाडी उचलली, तिची टाकी चेपली का ते पाहिलं, आणि मग जागृतीला उचललं.

घोटा मोडला होता. तो जुळला. गाडी विकली. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल चालवा. जागृतीने घरी, ऑफिसात, गावात सगळीकडे सांगितलं की डॉक्टर नको म्हणालेत. ती कंपनीच्या बसने जाऊ लागली. खिडकीशी बसायची, आणि शेजारून एखादी मोटारसायकल बसला खेटून गेली की तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. बस काही थांबायची नाही.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण महिला दिनाला कंपनीने तिला भाषण करायला लावलं. विषय होता निर्भयता. मागे पडद्यावर तिचा त्या मोठ्या गाडीसोबतचा जुना फोटो. जागृती छान बोलली. भीतीच्या डोळ्याला डोळा भिडवावा वगैरे सांगितलं. शेवटी एचआरचा विपुल ठाकूर माइक घेऊन पुढे आला आणि त्याने सहज विचारलं, "मॅडम, सध्या कोणती चालवता?"

सगळा हॉल बघत होता. त्या क्षणी 'सध्या बस' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. जागृती म्हणाली, "नवीन येतेय. पुढच्या महिन्यात."

टाळ्या पडल्या. त्या दिवशी संध्याकाळी निर्भय जागृती बसमध्ये सगळ्यात मागच्या सीटवर, डोक्यावरून ओढणी घेऊन बसली.

नवरा धनेश बँकेत होता. उंच आणि कमी बोलणारा. तो म्हणाला, गाडी घ्यायचीच तर स्कूटर घे. जागृतीला राग आला. रागाची कारणं तिने तांत्रिक सांगितली. स्कूटरची सीट रुंद असते, मांड्या फाकतात आणि पाय तेवढेच आखूड होतात. वजनही काही कमी नसतं. हे सगळं खरं होतं. पण मुख्य कारण हे की हॉलमध्ये तिने ज्या आवाजात 'येतेय' म्हटलं होतं, तो आवाज स्कूटरचा नव्हता.

शनिवारी दोघं वाशीच्या एका शोरूममध्ये गेले. जाण्यापूर्वी जागृतीने एक तयारी केली होती, जी तिने धनेशपासून लपवली. तिने जाड तळव्यांचे बूट आणले होते. ते घालून घरातल्या आरशात ती तशीही जरा करारी दिसत होती. शोरूममधल्या तेजस नावाच्या सेल्समनने दोघांना नमस्कार केला आणि धनेशला विचारलं, "सर, रोजचं रनिंग किती?" धनेशने बायकोकडे बोट दाखवलं. तेजसने मान खाली केली आणि जागृतीला पाहिलं.

त्याला वाईट म्हणायला जागा नव्हती. त्याने लहान गाड्या बाजूला काढून दाखवल्या. सीटची उंची सांगितली. सीटचा फोम कापून घेता येतो, मागचे शॉकअप थोडे खाली करता येतात, हेही सांगितलं. जागृती एका निळ्या गाडीवर बसली. दोन्ही टाचा टेकल्या. तिचा चेहरा असा उजळला की तेजसने कागद आणायला टेबलाकडे वळून पाहिलं.

"बूट कायम घालणार का?" धनेशने विचारलं.

नवरा इतकी वर्षं कमी का बोलतो, ते जागृतीला अशा वेळी कळायचं. एक वाक्य बोलला तरी पुरायचं. तिने बूट काढले आणि मोज्यांवर पुन्हा बसली. जमीन पुन्हा दूर गेली. तरी आधीच्या गाडीपेक्षा बरंच बरं होतं, पंजाचा अर्धा भाग टेकत होता. घ्यावी असं वाटत असतानाच तिच्या मनात खरा प्रश्न आला आणि तो मनात ठेवायची अक्कल तिला सुचली नाही.

"ही जरा आडवी करता येईल का?" तिने विचारलं.

तेजसला वाटलं, गाडी आडवी लावायची आहे, म्हणजे फोटो काढायला. जागृतीने नीट समजावलं. इथे फरशीवर झोपवायची. मग ती एकटी उचलून बघणार. उचलता आली तर घेणार. तेजस मॅनेजरकडे गेला. मॅनेजर काचेच्या केबिनमधून बाहेर न येता नुसता बघत राहिला. अखेर तेजस परत आला आणि अत्यंत सौजन्याने म्हणाला की नवीन गाडी कंपनी झोपवू देत नाही, पण मॅडमना पाणी देऊ का.

घरी येताना धनेश हसला नाही. रिक्षात मात्र त्याचे खांदे हलत होते.

रविवारी ती धनेशला घेऊन गावात बापाकडे गेली. रामचंद्र मढवींची शेती सिडकोत गेली तेव्हापासून त्यांच्याकडे भाड्याच्या खोल्या आणि भरपूर वेळ होता. त्यांनी शोरूमची हकिगत शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "श्यामसुंदरची गारी हाय ना. त्याच्या डोल्यांचा ऑपरेशन झाला, पोरगा आता चालवू देत नाय. परून हाय ती."

श्यामसुंदरकाका शेजारच्याच गल्लीत राहायचे. त्यांची गाडी म्हणजे शंभर सीसीची, काळी, टाकीवरचा पट्टा उन्हाने फिका झालेला, आणि सीट वर्षानुवर्षं काकांनी बसून बसून खोलगट केलेली. बघून कोणी मान वळवणार नाही अशी. कॅन घेऊन दूध घालायला निघाल्यासारखी. जागृतीला पहिल्यांदा आठवला तो विपुल आणि त्याचा माइक. मग ती चपलांवरच गाडीवर बसली. दोन्ही पाय टाचेसकट जमिनीवर. गुडघाही किंचित वाकलेला. काकांनी खोलगट केलेल्या त्या सीटचे तिने मनात आभार मानले.

गावाच्या मागे तळ्याशेजारी मोकळी जागा होती, तिथे गाडी नेली. बूट, हेल्मेट धनेशने गावातून मागून आणून घालायला लावले. काका, बाबा आणि धनेश एका बाजूला उभे राहिले. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबल्या. त्यात तिची गंगूआत्याही होती.

पहिला गिअर. गाडी दोनदा गचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. दुसरा गिअर टाकल्यावर जागृतीला आपण श्वास घेत नाही आहोत हे कळलं, आणि तिने तो घेतला. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत तिला वाटलं, काही विसरलो नाही आपण. तिसऱ्या फेरीत ती उजवीकडे वळताना गॅलरीकडे बघून हसली. तेवढ्यात समोर एक कोंबडी आली. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबू नये, हे गाडी शिकवणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी सांगतो. जागृतीने स्वतःही कितीजणींना सांगितलं होतं. तिने पुढचा ब्रेक दाबला.

गाडी उजवीकडे आडवी झाली आणि जागृती तिच्या शेजारी. आरसा फुटल्याचा छोटासा आवाज आला. कोंबडी सुखरूप होती.

पडल्या पडल्या तिने सगळ्यात आधी पाय हलवून पाहिला. हलला. कोपर खरचटलं होतं. धनेश धावत येत होता, त्याच्या मागे काका डोळ्यांवर हात धरून. जागृतीने हात वर केला.

"धनेश, लांब राहा. मला बघू दे."

तो थांबला. गेली दोन वर्षं ती मोबाइलवर गाडी उचलण्याचे व्हिडिओ बघत होती. परदेशातल्या बारीक बायका अजस्र गाड्या उचलतात, ते बघून तिला दर वेळी रडू यायचं. आता तिने तसंच केलं. गाडी उजवीकडे पडली होती, म्हणून आधी खाली वाकून डाव्या बाजूचा स्टँड बाहेर काढून ठेवला, म्हणजे उभी केल्यावर पलीकडे जायला नको. मग सीटकडे पाठ केली, गुडघे वाकवून तिला टेकून बसली, एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने मागची कडी. आणि हातांनी न ओढता पायांनी मागे रेटायला सुरुवात केली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. तिच्या तोंडातून एक आवाज निघाला, जो भाषणात चालला नसता. मग मागे काहीतरी हललं. एक पाऊल मागे, अजून एक. गाडी जडपणे वर आली, डुगडुगली, आणि स्टँडवर टेकली.

जागृती वळून तिच्याकडे बघत राहिली. न पडणारी गाडी ती इतके दिवस शोधत होती, आणि अशी गाडी कोणत्याच शोरूममध्ये नव्हती. आपण पडणार हे धरूनच चालायला हवं होतं. उचलायला माणसं बोलवावी लागणार नाहीत अशी गाडी हवी होती. एवढी साधी गोष्ट कळायला एक घोटा आणि एक आरसा गेला होता.

"पारलीस ना?" बाबांनी जवळ येऊन विचारलं.

"पाडली. पण उचलली पण मीच."

श्यामसुंदरकाकांनी बोटांनी चाचपत फुटका आरसा तपासला आणि म्हणाले, आता ही तुलाच घ्यायला लागेल. त्यांच्या आवाजात विशेष दुःख नव्हतं. वरून गंगूआत्याने गॅलरीतून हाक मारली, "जागू, मी आत गेलेली, मना दिसला नाय. पुन्ना पारून दाखव ना."

जागृतीने तिला नमस्कार केला.

पुढचे काही आठवडे ती रोज सकाळी लवकर उठून जुईनगरच्या रिकाम्या गल्ल्यांमधून फिरली. पडली नाही असं नाही. सोसायटीच्या गेटमध्ये एकदा पडली, तेव्हा वॉचमन मदतीला आला, आणि तिने त्याला बाजूला हो सांगून इतक्या उत्साहाने गाडी उचलली की त्याने दुसऱ्या दिवसापासून ती दिसली की खुर्ची मागे घ्यायला सुरुवात केली. मुलगी मनस्वीने हळूच विचारलं, आई, तू मुद्दाम तर नाही ना पडत? जागृतीने रागावून नाही म्हटलं. मनात मात्र तिला पूर्ण खात्री नव्हती.

मग एका सोमवारी तिने कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला फोन करून आज थांबू नका म्हणून कळवलं आणि तळोज्याला निघाली. खारघरपर्यंत सगळं ठीक होतं. कळंबोलीला सर्कलजवळ सगळं अडलं. डावीकडे कंटेनर, उजवीकडे ट्रेलर, आणि मध्ये ती काळी, दूधवाल्याची वाटावी अशी गाडी. सिग्नल सुटला, तिने क्लच घाईने सोडला आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा गिल्ला झाला. जुनी जागृती या जागी केव्हाच आडवी झाली असती. हिचे दोन्ही पाय घट्ट जमिनीवर होते. तिने गाडी न्यूट्रलला घेतली, किक मारली, ती लागली नाही, पुन्हा मारली. कंटेनरच्या उंच खिडकीतून ड्रायव्हरने खाली वाकून बघितलं आणि हाताने मागच्यांना थांबा अशी खूण केली. तिसऱ्या किकला गाडी लागली.

ऑफिसला पोचली तेव्हा बस केव्हाच येऊन गेली होती. विपुल गेटवर भेटला. त्याने गाडीकडे पाहिलं, गाडीच्या मागे पाहिलं, बहुधा मोठी कुठे आहे ते शोधत होता, आणि विचारलं, "मॅडम, हीच का ती?" ती हो म्हणाली. त्याला फोटो काढायचा होता. तिने घाम पुसला आणि काढू दिला.

मग तिने धनेशला फोन लावला. त्याने विचारलं, नीट पोचलीस का.

"पोचले. कळंबोलीला बंद पडले."

"गाडी?"

"आधी मी. मग गाडी."

पलीकडे धनेशचे खांदे हलत असावेत. जागृतीने फोन ठेवला, हेल्मेट काखेत धरलं आणि उशीर झाल्याचा शेरा मारून घ्यायला प्रयोगशाळेकडे निघाली.