अस्सल तात

लुंबिनीची तार भर दुपारी एक वाजता तुटली, आणि घरात कोणी अत्यवस्थ असावे तशी कुजबूज सुरू झाली. सरजाबाईंना कुजबूज खपत नसे. नांदेडच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना एकवीस वर्षे झाली होती. पण त्यांच्या आवाजाला निवृत्ती ठाऊक नव्हती.

"जे झालं ते मोठ्यानं सांगा."

झाले होते ते असे. त्यांची नात लुंबिनी गांबा वाजवीत असे. गांबा म्हणजे युरोपातले तीनशे वर्षांपूर्वीचे वाद्य. दोन गुडघ्यांत धरावे आणि गजाने वाजवावे. असल्या जुन्या वाद्यांचा एक वृंद उमाशंकर नावाच्या गृहस्थांनी पुण्यात उभारला होता. गृहस्थ मूळचे औशाचे. चार वर्षे हॉलंडात राहून आले आणि तेव्हापासून औशाचे नाव दूरच्या पाहुण्यासारखे घेऊ लागले. त्यांचे व्रत एकच : तीनशे वर्षांपूर्वी जसे वाजत होते, तसेच आज वाजले पाहिजे. वाद्य तसेच, गज तसाच, आणि तार म्हणजे जनावराच्या आतड्यापासून वळलेली तातच. नायलॉनचे नुसते नाव निघाले तरी ते कानांवर हात ठेवीत. विमान, मोबाइल आणि पित्ताच्या गोळ्या एवढ्यांना मात्र व्रतातून सूट होती.

आज संध्याकाळी या वृंदाचा कार्यक्रम नांदेडात होता. एप्रिलचा महिना, पारा त्रेचाळीसवर. ओलसर हवेने तात बिघडते म्हणून उमाशंकरांनी सभागृहातले कूलर बंद करविले; मग कोरड्या झळांनी ताता तडातड तुटू लागल्या. लुंबिनीजवळच्या दोन जादा ताता कालच्या तालमीतच गेल्या होत्या.

"सर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तात मिळाली तर वाजव," लुंबिनी म्हणाली. "नाही तर माझ्या जागी वृंदातल्या तनुजाची बासरी. आणि पुढच्या वर्षी हॉलंडच्या दौऱ्यालाही तनुजाच."

"सहा वर्षं घासलंस, ते एका दोऱ्यावर अडलं?"

"आजी, रागावू नकोस. मी त्यांना सांगितलं, की माझ्या आजीला तात वळता येते."

सरजाबाईंच्या हातातला चहाचा कप बशीवर जरा जोरात टेकला.

येत होती, हे खरे. देवणीजवळच्या गावी त्यांचे वडील ग्यानोबा मेलेली जनावरे ओढीत. आतडी ओढ्यात धुवायची, खरवडायची, वळून उन्हात ताणायची, हे काम दहा वर्षांच्या सरजाकडे होते. कापूस पिंजणारे पिंजारी आपल्या धनुकलीसाठी ती तात विकत घेत; पैसे मात्र वरून टाकीत, हाताला हात लागू देत नसत. छप्पन साली ग्यानोबांनी दीक्षा घेतली, घरी येऊन सुरी आणि चरखी ओढ्यात फेकली आणि दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत नेऊन बसविले.

दोन वाजता उमाशंकर स्वतः हजर झाले. खादीचा झब्बा, खांद्याला कॅमेरा.

"आजी, हे तर सोनं आहे हो! जिवंत परंपरा! असली तात मी इटलीहून मागवतो, आणि इथं ती तुमच्या रक्तातच आहे!"

"रक्तात नाही, उमाशंकरराव. नखांत होती. साबणानं निघायला दोन वर्षं लागली."

उमाशंकर भारावून हसले. हसणे त्यांना कुठेही जमत असे. "एक विनंती. ही इस्त्रीची साडी नको. एखादं जुनं लुगडं नेसून अंगणात बसलात, तर चित्रीकरण अस्सल वाटेल."

लुंबिनीने मान खाली घातली. सरजाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हे पाहून पूर्वी अख्खा वर्ग उभा राहात असे.

"अस्सलच करायचं, तर नीट करू. कापणाऱ्याकडून ताजी आतडी आणा. स्वतः आणा, माणूस धाडू नका. मग इथं बसून हातानं पिळून साफ करा. आतलं सगळं बाहेर काढायचं बरं का. वास तीन दिवस जात नाही. तीनशे वर्षांपूर्वी हातमोजे नव्हते."

उमाशंकरांचा हात नकळत खिशातल्या पित्ताच्या गोळ्यांकडे गेला. "मी... मला फक्त वळतानाचं दृश्य हवं होतं."

"वळताना कोणी पाहायचं नाही. बाकीचं मी बघते. या आता. पाच वाजता तात मिळेल."

उमाशंकरांना यात गूढ परंपरेचा वास आला; दुसऱ्या वासापेक्षा तो बरा होता. ते हात जोडून गेले.

"आजी, तू खरंच वळणार?" लुंबिनीने विचारले.

"बापानं जे फेकलं, ते मी कुणाच्या हौसेपायी उचलणार नाही. आणि तुझं वाजवणंही फेकणार नाही. तुटलेला तुकडा दे, जाडी बघायला."

त्यांनी ऑटो केला आणि गोदावरीच्या घाटाजवळचे जाळ्यांचे दुकान गाठले. दुकानदार धम्मानंद त्यांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला होता.

"बाई! तुम्ही मासे धरून राहिल्या का आता?"

"हाव. पुण्याचा एक मोठा मासा आहे. या जाडीचं तंगूस दे."

धम्मानंदने नायलॉनच्या दोऱ्याचे रीळ काढून दिले. रिळावर रोहू माशाचे चित्र होते.

घरी लुंबिनीने तंगूस चढविले, खुंटी पिळली, गज फिरविला. पुन्हा एकदा फिरविला. "आजी, हे तर चांगलं वाजतंय."

"तू चांगली वाजवतेस."

संध्याकाळी सभागृहाची भट्टी झाली होती. लोक कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेत होते. उमाशंकरांनी लुंबिनीच्या वादनाआधी वीस मिनिटे भाषण केले. "ही तात एका आजींनी आज पिढीजात गुप्त रीतीनं वळली आहे. हिच्यात प्राण्याचा श्वास आहे. नायलॉन मेलेलं असतं. जाणता कान ते एका क्षणात ओळखतो!"

मग लुंबिनी वाजवू लागली. पत्रिकांचे पंखे थांबले. ते संगीत परके होते, पण पोरीचे दुःख आणि हट्ट ओळखीचा होता. शेवटच्या सुराला उमाशंकरांच्या डोळ्यांत खरेखुरे पाणी आले. हॉलंडच्या दौऱ्यात गांबा लुंबिनीच वाजवील, हे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले.

मध्यंतरात ते धावतच सरजाबाईंकडे आले. "आजी, काय सूर! अशा सहा ताता द्या. जीव ओळखू येतो हो त्यात!"

सरजाबाईंनी पर्स उघडली आणि रीळ त्यांच्या तळहातावर ठेवले. हाताला हात लावून ठेवले.

"सहा कशाला? शंभर मीटर आहे."

उमाशंकरांनी रोहूकडे पाहिले, रोहूने उमाशंकरांकडे. पुणे आणि हॉलंड दोन्ही एकदम गळून पडले, आणि खाली औसा उघडे पडले.

"आजी, कुनाला सांगू नका हो. लई बेइज्जती व्हईल."

"न्हाई सांगत. पण लुंबिनी काय वाजवील आणि कशावर वाजवील, ते यापुढं ती ठरवील. कबूल?"

"कबूल." उमाशंकरांनी रीळ घाईघाईने झब्ब्याच्या खिशात दडविले.

"मग ते कूलर सुरू करा. माणसं उकडून निघालीत."

कूलर घरघरले, तशी प्रेक्षकांतून टाळ्या उठल्या. उत्तरार्धात उमाशंकरांनी व्हायोलिन हाती घेतले. दहाव्या मिनिटाला ओलसर वाऱ्याने त्यांची इटलीची तात सटकन तुटली. ते प्रेक्षकांना वाकून नमस्कार करीत आत गेले. एक हात झब्ब्याच्या खिशात होता.

परत आले, वाजवू लागले. कोणाच्याही जाणत्या कानाला काहीच कळले नाही. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. पहिल्या रांगेत सरजाबाई तेवढ्या बसून होत्या. दुसऱ्याच्या पाटीत पाहून लिहिलेल्या उत्तराला त्यांनी आजवर पुरे गुण दिले नव्हते.